झेल्निकचं शेवटचं गाणं

(बोस्टन, १९४८. नाट्यगृहाच्या मागची तालमीची खोली. सकाळचे सव्वाअकरा वाजलेत.)

बेला : पुन्हा सांग. कुठे सापडलं म्हणालास?

मॉर्टी : बेला, तू न्यूयॉर्कच्या गाडीतून उतरून सरळ इथे आलीस. आधी कोट तरी काढ. कॉफी मागवतो.

बेला : कॉफी नंतर. कुठे सापडलं?

मॉर्टी : पियानोच्या बाकड्यात. नेटच्या स्टुडिओतल्या. वरची फळी उचलली की खाली कप्पा आहे ना, त्यात.

बेला : तो कप्पा मी स्वतः रिकामा केला, मॉर्टी. शोकसभा झाल्यावर आठव्या दिवशी. त्यात ट्रामची तिकिटं होती, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि एक पायमोजा होता. गाणं नव्हतं.

मॉर्टी : मग कपाटात असेल. आठ महिन्यांपूर्वीचं माझ्या काय ध्यानात राहणार? नवरा तुझा गेला, कबूल. पण बावीस वर्षं तो चाली बांधत होता नि मी शब्द लिहीत होतो. माझाही अर्धा जीव गेलाय.

बेला : आधी बाकडं, आता कपाट. दुपारपर्यंत तू ते त्याच्या कोटाच्या खिशातून काढशील.

मॉर्टी : हे बघ, बारा वाजता छापखान्याचा माणूस येणार. उद्या पहिला प्रयोग. कार्यक्रमपत्रिकेवर 'नेट झेल्निक यांचं शेवटचं गाणं' असं छापायचंय, त्यासाठी तुझी एक सही हवी. एवढंच. निर्माता काल तीनदा विचारून गेला.

बेला : सही करीन. आधी हे गाणं तुझ्यासमोर वाचायचंय.

मॉर्टी : पोस्टानं पाठवलं होतं ना मी?

बेला : चार दिवस तेच वाचतेय. पाठ झालंय. 'ये, पण उशिरा ये, मला वाट पाहू दे. कोपऱ्यावरचा दिवा आधी लागू दे.' कोण कुणाची वाट पाहतंय?

मॉर्टी : नायिका प्रियकराची. दुसऱ्या अंकात, खिडकीशी बसून. आणि शब्द माझे आहेत बरं का. त्यात नेटला कशाला ओढतेस?

बेला : शब्दांचं मी बोलतच नाहीये. चालीचं बोलतेय. चालसुद्धा वाट पाहतेय, मॉर्टी. ऐक. 'ये, पण उशिराऽऽ'... सूर एकेक पायरी चढत जातो, आणि वरच्या 'सा'च्या अलीकडे, 'नी'वर, उभाच राहतो. दार समोर आहे, पण आत शिरत नाही. बोटांवर मोज. आठ मात्रा!

मॉर्टी : मग? कानाला गोड लागतं ते.

बेला : गोड लागतं म्हणून तर झोप उडालीय माझी. नेटनं जन्मात कुणाची वाट पाहिली का? मी हात पुसून टेबलाशी येईपर्यंत याचं सूप संपलेलं असायचं. त्याच्या चालीही तशाच. 'सा' दिसला की उडी! तूच म्हणायचास, नेटच्या चालीवर लिहायचं म्हणजे धावती ट्राम पकडायची.

मॉर्टी : आजारपणात माणूस बदलतो. छातीचं दुखणं मागे लागल्यावर जरा दमानं घ्यायला शिकला.

बेला : माझ्याकडे बघून बोल.

मॉर्टी : बघतोच आहे.

बेला : तू माझ्या टोपीकडे बघतोयस. बरं, पुढे. 'कॉफी निवली, निवू दे. खिडकी उघडी राहू दे.' ही कुठली कॉफी?

मॉर्टी : अगं, कॉफी म्हणजे कॉफी! 'निवू दे', 'राहू दे', यमक जुळतं म्हणून घातली. तुला काय वाटलं, दक्षिण अमेरिकेचा नकाशा दडलाय त्यात?

बेला : नेटला डॉक्टरनं कॉफी बंद केली होती. तरी स्टुडिओ आवरताना मला दोन कप सापडले. एकाच्या कडेला लालीचा डाग.

मॉर्टी : ...पाहुणे येत-जात असतात.

बेला : लाली लावून? असो. आता डावा हात बघ, हा खालचा. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत दहा पट्ट्यांची फाक. एकदा नाही, ओळीनं सात वेळा. नेटची डावी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. आठ पट्ट्या गाठतानासुद्धा दातओठ खायचा तो.

मॉर्टी : नक्कल करणाऱ्यानं सुधारलं असेल. ही स्वच्छ प्रत आहे.

बेला : मूळ कागद दाखव.

मॉर्टी : हरवला.

बेला : वा! झेल्निकचं शेवटचं गाणं, आणि कागद हरवला. मॉर्टी, मी नऊ वर्षं कोरसमध्ये उभी राहून गायलेय. तुझं-त्याचं प्रत्येक गाणं लोकांच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात आलंय. तो टेबलावर बोटं आपटायचा, मी बटाटे सोलत गायची, आणि तो विचारायचा, 'कुठे दम अडला?' शेवटच्या तीन वर्षांत एकही चाल घरी आली नाही. नाटकं मात्र दोन आली. आणि रोज सकाळी स्वारी दाढी करून, कॉलर बदलून स्टुडिओत. मी काय दूधखुळी आहे?

मॉर्टी : तुला म्हणायचंय काय?

बेला : बाई कोण ते सांग.

मॉर्टी : बेला! माणूस जाऊन वर्ष झालं नाही!

बेला : म्हणूनच तुला विचारतेय. त्याला विचारता येत नाही.

मॉर्टी : कुणी बाई नव्हती. माझ्या आईची शपथ.

बेला : मग ती पियानो वाजवणारी, मिस कार्लिन, तिला बोलव. माझ्यासमोर वाजवू दे हे.

मॉर्टी : ती... ती नाचाच्या तालमीत आहे. तिला सवड नसते सकाळची. उगाच तिला कशाला—

बेला : घाम पूस. निरोप मी आल्या आल्याच ठेवलाय. ही बघ, आलीच.

विनिफ्रेड : मिसेस झेल्निक? दारावरच्या माणसानं सांगितलं, तुम्ही बोलावलंत.

बेला : या, मिस कार्लिन. शोकसभेत भेटलो होतो, पण तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. तुम्ही तीन वर्षं माझ्या नवऱ्याकडे जात होता. रोज.

विनिफ्रेड : रविवार सोडून. स्वरलेखनासाठी. ते वाजवतील ते मी उतरवून घ्यायचं, असं काम होतं.

बेला : हात पुढे करा.

विनिफ्रेड : हात?

मॉर्टी : विनी, तू जा परत. बेलाचा प्रवास झालाय, तिचं डोकं—

बेला : डावा. पट्ट्यांवर ठेवा. पसरा. हं. दहा सहज गाठता.

विनिफ्रेड : अकरा.

बेला : बघितलंस, मॉर्टी? अकरा! आता सरळ विचारते, मिस कार्लिन, आणि मला सरळ उत्तर द्या. तुम्ही माझ्या नवऱ्याची वाट पाहत होता का?

विनिफ्रेड : हो.

मॉर्टी : विनी!

विनिफ्रेड : रोज. नऊ ते एक.

बेला : निदान लाजा तरी!

विनिफ्रेड : लाजण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही समजताय तसं नाही ते. ते समोरच बसलेले असायचे. खिडकीकडे तोंड करून. मी पेन्सिलला टोक काढून, कोरा कागद घेऊन पियानोशी. ते काहीतरी गुणगुणतील म्हणून वाट पाहायची. एक वाजला की टोपी घालायची नि जायचं.

बेला : आणि गाणं?

विनिफ्रेड : नव्हतं.

बेला : नव्हतं म्हणजे?

विनिफ्रेड : यायचंच नाही काही. पहिला महिना, दुसरा महिना. कधी दोन सूर वाजवायचे आणि म्हणायचे, 'हे मी आधी केलंय.' खरंच केलेलं असायचं. एकदा रडले. मी कॉफी केली, म्हटलं, कपभरानं काही होत नाही. ती तशीच निवली. मग मला काय करावं कळेना, म्हणून हात पट्ट्यांवर ठेवले. बसल्या बसल्या जे मनात होतं ते वाजलं.

बेला : हे.

विनिफ्रेड : हे. त्यांनी मान वळवली. म्हणाले, 'लिहून घे.' मी म्हटलं, 'कुणाच्या नावानं?' ते पुन्हा खिडकीकडे वळले.

बेला : मॉर्टी.

मॉर्टी : मला नंतर कळलं. तुझी शपथ, नंतर. नेटनं कागद माझ्या हातात दिला. मी चाल ऐकली नि म्हटलं, ही तर कुणाची तरी वाट पाहतेय. तेवढंच शब्दांत मांडलं. मला वाटलं, प्रेमगीत आहे. मला सगळीच प्रेमगीतं वाटतात, धंदाच तो माझा.

बेला : हे एकच?

मॉर्टी : आता कशाला ते सगळं—

बेला : मी तिला विचारतेय.

विनिफ्रेड : हे पहिलं. शब्द झाल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवायला लावलं, नाटकात घेतलं नाही. त्यानंतरची अकरा. दोन्ही नाटकांतली.

बेला : शोकसभेत वाजवलंत ते? ते, ज्याला सगळं सभागृह उठून उभं राहिलं?

विनिफ्रेड : तेही.

बेला : मी त्या गाण्याला रडले. मला वाटलं, नेट माझ्याशी बोलतोय. तुम्ही तिथे बसून वाजवत होता, आणि मी तुमच्यासमोर... तुम्हाला काय वाटत होतं तेव्हा?

विनिफ्रेड : खरं सांगू? दुसऱ्या ओळीला गायकानं वेग वाढवला, त्याचा राग येत होता.

मॉर्टी : देवा! विनी, जरा माणसासारखं बोल.

बेला : बोलू दे तिला. इथे एवढी एकच खरं बोलतेय. तुला कळतंय का मॉर्टी, चार दिवस मी काय काय मनात घेऊन बसले होते? गाडीत तर तिला द्यायच्या शिव्यासुद्धा ठरवल्या होत्या, क्रमानं. बाई असती तर बरं झालं असतं. बाईचा राग धरता येतो. तीन वर्षं तो कॉलर बदलून रिकामं बसायला जात होता, याचं मी काय करू? मला का नाही सांगितलं त्यानं?

मॉर्टी : लाज वाटायची त्याला. तुझीच सगळ्यात जास्त. म्हणायचा, 'बेलाला पहिल्या चार सुरांत कळेल.' म्हणून तर घरी आणत नव्हता.

बेला : कळलंच असतं.

विनिफ्रेड : मिसेस झेल्निक, या गाण्यात एक सूर त्यांचा आहे.

बेला : समजूत घालू नका माझी.

विनिफ्रेड : मला ते जमत नाही. अंतऱ्यात मी एका जागी खाली उतरले होते. ते उठून आले, माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे केलं आणि वेगळी पट्टी दाबली. मग परत जाऊन बसले. मी तोच ठेवला. माझ्यापेक्षा चांगला होता.

बेला : कुठला?

विनिफ्रेड : ते—

बेला : नको. सांगू नका. वाजवा. अंतरा वाजवा, मी गाते.

मॉर्टी : बेला, साडेअकरा होत आलेत—

बेला : गप्प बस. वाजवा. 'जिन्यावर पाऊल वाजतं, तुझं ते नसतं. तरी दार उघडायचं निमित्त असतं...' पुन्हा. दुसरी ओळ. 'तरी दाऽर...' थांबा! इथे. 'दार'ला. सगळं खाली उतरतंय आणि हा एकटाच वर उडी मारतो. मेला, कुणाच्या घरात घुसावं तसा.

विनिफ्रेड : हो. तोच.

बेला : तोच. दम अडतो तिथे. त्याच्या गाण्यात नेहमी माझा दम अडायचा.

मॉर्टी : रुमाल घे.

बेला : नको. आठ महिने रडतेच आहे. आता जरा त्याच्यावर रागवू दे नीट. तो सहीचा कागद आण इकडे.

मॉर्टी : सही करतेस? शहाणी ती. त्याचं नाव राहील, लोकांना चार अश्रू ढाळता येतील, कुणाचं काही बिघडत नाही.

बेला : तुम्हाला चालेल, मिस कार्लिन? नेट झेल्निकचं शेवटचं गाणं?

विनिफ्रेड : अकरा वेळा चाललं.

बेला : ते उत्तर झालं नाही.

विनिफ्रेड : नाही. चालणार नाही. बाकीच्या गाण्यांचं मी कधी कुणाला बोलले नाही, ती त्यांनी मागितली आणि मी दिली. हे मी दिलेलं नाही. ते गेल्यावर हे बाहेर कसं आलं, मिस्टर गान्सफ्रीड?

मॉर्टी : माझ्याकडेच होतं. माझ्याच टेबलात. झालं समाधान? दुसरा अंक मरत होता. निर्माता म्हणाला, झेल्निकचं काही उरलंय का. मी 'हो' म्हणून बसलो. मला माझ्या मित्राचं नाव पुन्हा एकदा माझ्या नावाशेजारी बघायचं होतं. त्यात मी कुणाचा खून केला?

बेला : शब्द कुणाचे ते नीट छापायला सांगते, तुझं नाव कुठे जात नाही. त्याचं नाव खोडतेय.

मॉर्टी : बेला, विचार कर. लोक विचारतील, ही कोण? मग आधीच्या गाण्यांचं उकरतील. वर्तमानपत्रवाले तुझ्या दारात बसतील.

बेला : बसू देत. सूप देईन. आधीच्यांचं काय करायचं ते मी आणि ही मिळून ठरवू, घाई नाही. आज हे एक. पेन दे. ते नको, गळतं ते. हं. तू बस ना गं, उभी का? मला एवढं सांग, कार्लिन 'सी'नं लिहितेस की 'के'नं?