बाबांचा उजवा पाय

मूर्ख मीच हो, दुसरं कोण — तुम्ही बसा त्या स्टुलावर, डगमगतं पण पाडत नाही कुणाला — मूर्ख मीच, कारण आधी गाडीत सीटबेल्टचे पट्टे लावायचे आणि मग बाकीचं काय ते करायचं, एवढी साधी गोष्ट. मी उलटं केलं. बाकीचं आधी केलं आणि पट्ट्यांसाठी आज तुम्हाला बोलावतेय, बाबांचं नाक फुटल्यावर. नाही, तसं बरं आहे आता. सूज उतरली. जरा डावीकडे गेलंय, पण ते म्हणतात आधीपासून तसंच होतं, आणि फोटो काढून बघायची माझी हिंमत नाही.

गाडी बघितलीत ना? दोन माणसांची. वर टप नाही, मागे सीट नाही, डिकीत एक बॅग मावते, तीही चपटी असेल तर. माझ्यापेक्षा वयाने मोठी, आणि घरात मान माझ्यापेक्षा जास्त. बाबा दातांचे डॉक्टर होते. जन्मभर पेशंटला एकच सांगायचे, मूळचा दात तो मूळचा, वाचत असेल तोवर काढायचा नाही. तेच गाडीला. वायपर मूळचे, आरसे मूळचे, तपकिरी सीट मूळच्या, हॉर्न मूळचा — तो वाजत नाही, पण मूळचा आहे. स्वतःच्या तोंडात एकही दात मूळचा नाहीये, पण तो विषय आपण काढायचा नाही. जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो ना, तिथे एक परीक्षक येतात बॅटरी घेऊन, गाडीखाली आडवे होतात आणि सांगतात, हा स्क्रू नंतरचा. बाबांच्या गाडीखालून ते काही न बोलता बाहेर आले होते. कप मिळाला. सर्वांत अस्सल गाडी. तो कप आमच्या फ्रिजवर आहे, फ्रिज दोनदा बदलला, कप तोच.

आता ह्या अस्सल गाडीचे ब्रेक. ब्रेक कसले, अर्ज होता तो. पायाने अर्ज करायचा, मग गाडी त्यावर विचार करायची. बाबांना सिग्नल लांबवर दिसला की इकडे हे पेडलवर अक्षरशः उभे राहायचे — एकदा, दोनदा, तीनदा — आणि डावा हात आडवा माझ्यासमोर. मी शाळेत होते तेव्हापासून. आमच्या गाडीतला पट्टा म्हणजे तो हात. मग गाडी सावकाश, मनाला येईल तेव्हा थांबायची. आता तेव्हा रस्त्यावर होतं कोण? आता काय आहे तुम्ही बघताच. आणि बाबांचं वय. मी म्हटलं, बाबा, ब्रेक बदलू या. म्हणाले, तुझे गुडघे बदल. म्हटलं, पट्टे तरी लावू. म्हणाले, तळाला भोकं पाडायची? माझ्या गाडीला? जसं काही मी त्यांच्याच जबड्याला ड्रिल लावणार होते.

मग ते आत्याकडे राहायला गेले, आणि मी गॅरेजवाल्या काकांना गाठलं. काका म्हणाले, ताई, काळजी नको, जे दिसतं ते जुनं ठेवू, जे दिसत नाही ते नवीन करू. मला इतकं पटलं म्हणून सांगू! चाकांवर टोप्या आहेत, आतलं कुणाला दिसतंय? आत नवीन ब्रेक बसवले, ब्रेकला जोर देणारं ते बूस्टर का काय ते डॅशबोर्डच्या मागे लपवलं, पेडल मात्र तेच जुनं, झिजलेलं. पट्टे? पट्टे दिसले असते ना हो. म्हणून पट्टे नाही लावले. बघा आता, किती विचार करून चूक केली मी.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचा धंदाच आहे तो. माझ्या नाही आलं, आणि माझा धंदा काय माहितीये? फिजिओथेरपी. दिवसभर मी नवीन गुडघे बसवलेल्या लोकांना सांगते, काकू, गुडघा नवीन आहे पण पायाला जुनीच सवय आहे, पाय काही विसरत नाही, सांभाळून. रोज सांगते. पाठ आहे. आणि घरी येऊन वडिलांच्या पायाखाली नवीन ब्रेक ठेवते आणि त्या पायाला सांगतच नाही.

बाबा परत आले, आणि रविवारी आम्ही दोघं निघालो. रस्ता रिकामा. लांब सिग्नल लाल झाला — लांब म्हणजे चांगला लांब, मधे दोन दुकानं, एक शाळा — आणि बाबा नेहमीसारखे उभे राहिले पेडलवर. गाडी तिथेच थांबली. जागच्या जागी. सिग्नल तिकडे, आम्ही इकडे, मधे शाळा. मला काही झालं नाही, कारण मला हात होता आडवा. त्यांचा. त्यांना कुणाचाच नव्हता. एक हात माझ्यात अडकलेला, दुसऱ्याने पेलवलं नाही, नाक स्टिअरिंगवर. एक सायकलवाला थांबला, म्हणाला, काय आडवं आलं का? बाबा म्हणाले, नाही. रुमाल नाकाला लावून, अगदी सभ्यपणे — काही नाही आलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. बोलणार होते. पण ते रक्त, ते टाके, आणि मग डॉक्टरांना बाबा स्वतःच सांगायला लागले, माझ्या पायाचा अंदाज गेला. बघा ना. भेटायला येईल त्याला तेच. अंदाज गेला हो आता, वय झालं. ज्या माणसाने वयाचं नाव कधी काढलं नाही, तो माणूस! जिना उतरताना उजवा पाय आधी टेकवून बघतात, पायरी आहे ना म्हणून. आणि परवा मला म्हणाले, गाडी विकून टाक, चांगलं गिऱ्हाईक बघ, ब्रेकची सवय असणारं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. एक क्षणभर. एक क्षण नाही, दोन दिवस. म्हटलं, सुटलो, आता गाडी नाही, काळजी नाही, न सांगता काम झालं. मग ते म्हणाले, तू फिजिओ आहेस ना, ह्या पायाला काही व्यायाम असेल तर दे. आणि मी — असं बघू नका माझ्याकडे — मी दिला. टॉवेल पायाच्या बोटांनी ओढायचा, घोटा गोल फिरवायचा. ठणठणीत पाय आहे हो तो! माझे पेशंट चुकवतात, हे चुकवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या मुलासारखे. आत्ताही तेच चाललंय आत.

म्हणून तुम्हाला बोलावलं. आधी पट्टे, मग खरं. खरं आधी सांगितलं तर ते त्याच पावली गाडी घेऊन निघतील, पट्ट्यांविना, ओळखते मी त्यांना. आणि काही सांगितलंच नाही, तर ते कुठेच निघणार नाहीत. कळतंय ना तुम्हाला? दोन्हीकडून अडकलेली मीच.

घ्या, ड्रिल घ्या, कार्पेट मी उचलून धरते. — काय? — हो, गाडी त्यांच्या नावावर आहे. — अहो, मुलगी आहे मी त्यांची! — विचारल्याशिवाय नाही? एवढुशी भोकं आहेत, कार्पेटखाली जातात, परीक्षकसुद्धा... बरं. बरोबर आहे तुमचं. इतका शहाणा माणूस मी ब्रेकच्या वेळी का नाही बोलावला? थांबा. उठू नका.

बाबा! अहो बाबा! टॉवेल ठेवा आणि जरा बाहेर या. — चप्पल राहू दे हो. — हे पट्टे लावायला आलेत. नाही, रागावू नका, आधी माझं ऐका, मधे बोलू नका. तुमच्या पायाला काही झालेलं नाहीये. पाय उत्तम आहे. ब्रेक मी बदलले. तुम्ही आत्याकडे होतात तेव्हा. नवीन आहेत, बोट लावलं तरी लागतात, आणि तुम्हाला मी सांगितलं नाही. नाक माझ्यामुळे फुटलं, अंदाज तुमचा गेलेला नाही, तो व्यायामही खोटा आहे. गाडी विकायची नाही. चालवा. पण पट्टा लावून चालवा, भोकं पडतील, कप परत करावा लागला तर मी नेऊन देईन. झालं. आता बोला. — बोला ना. — ओरडा हवं तर, ह्यांच्यासमोर ओरडा, ह्यांना सगळं माहीत आहे. ते काळे पट्टे कशाला उलटेपालटे करून बघताय, बाबा?

"तपकिरी मिळाले नाहीत का?"