अर्थाचा बोल्ट

प्रेमराज : ही अकरावी खेप झाली, शकीलभाई. अकरा वेळा किल्ली फिरवली, अकरा वेळा जीप चालू झाली. आता तरी मान्य कर, गाडीत काही नही. जे आहे ते ड्रायव्हरमधी आहे.

शकील : बंद पडेल तेव्हाच बिघाड दिसेल ना, भाऊ. तुम्ही ताप उतरल्यावर पेशंट आणला.

प्रेमराज : तापच नव्हता. हा तोताराम सांगू राहिला म्हणून ताप.

तोताराम : भाऊ, मी पुन्हा एकदा विनम्रपणे निवेदन करतो. दसऱ्यापासून आजपर्यंत सदर गाडीने मला नऊ वेळा दगा दिला. नऊही वेळा किल्ली फिरवल्यावर 'टक्' असा एकच ध्वनी आला आणि त्यानंतर शांतता पसरली. यात अतिशयोक्तीचा लवलेशही नाही.

प्रेमराज : ऐकलं? खरं बोलणारा माणूस दोन शब्दांत बोलते. खोट्यालेच इतकी सजावट लागते.

शकील : बोलू द्या त्यांना. मला सजावटीतूनच काम काढायचं आहे. तोतारामभाऊ, 'टक्' व्हायचं तेव्हा दिवे मंद व्हायचे का?

तोताराम : नाही. दिव्यांचे तेज तसूभरही ढळत नसे.

शकील : म्हणजे बॅटरी नाही.

प्रेमराज : बॅटरी नवीच आहे. दिवाळीले टाकली. मग याने सेल्फचं, गाडी उठवणाऱ्या मोटरचं नाव घेतलं, तर सेल्फ धुळ्याले नेऊन खोलला, नवे कार्बन टाकले. आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. माह्या हातात मात्र ही गाडी एकदाही अडली नही. एकदाही! याचं उत्तर विचार याले.

तोताराम : त्याचे उत्तर माझ्यापाशी असते, तर मी आज आरोपीसारखा उभा राहिलो नसतो.

प्रेमराज : अन् मंगळवारचं? आदल्या दिवशी याने सुट्टी मागितली, मी नही म्हणलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात मायचं तोंड वाकडं झालं, हात पडला. याचा फोन आला, 'गाडी सुरू होत नाही.' मी नशिराबादहून मोटरसायकल पळवत गेलो. किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू! मंग वीस मिनिटं कशात गेली? डॉक्टर काय म्हणला माहीत आहे? अर्धा तास आधी आणलं असतं तर हात वाचता.

शकील : आता कशी तब्येत आहे त्यांची?

प्रेमराज : घरी आहे. चार वाजता जळगावले तपासणीले न्यायचं आहे. बोलणं सगळं गेलं, एकच वाक्य राहिलं. दिवसभर तेच विचारते, 'गाडी चालू झाली का?' मी हो म्हणतो. घडीभरानं पुन्हा, 'गाडी चालू झाली का?'

शकील : बॉनेट उघडंच राहू द्या, मी पुन्हा बघतो.

प्रेमराज : म्हणून सांगतो, चारले हितेंद्र येणार आहे, नवा ड्रायव्हर. तोवर तुले गाडीत काही सापडलं तर ठीक. नही तर किल्ली हितेंद्रच्या हातात. आबांच्या वेळचा ड्रायव्हर असो की कोणाच्या.

तोताराम : एकोणीस वर्षे, भाऊ. आपल्या वडिलांनी, बन्सीलाल आबांनी ही किल्ली स्वहस्ते माझ्या हाती दिली होती.

प्रेमराज : आबा गेले.

शकील : साडेतीन झालेत. दोघं एक मिनिट गप्प बसा. तोतारामभाऊ, मला एवढंच सांगा, नऊ वेळा कुठे कुठे अडली? जागा सांगा, वर्णन नको.

तोताराम : पाच वेळा माझ्या घरापुढे. तीन वेळा मंगल कार्यालयाबाहेर. एकदा मळ्यात, पाटाच्या कडेला.

शकील : घरापुढे कशी लावता?

तोताराम : गल्ली अरुंद आहे. बैलगाडीला वाट राहावी, या हेतूने मी डावी दोन्ही चाके ओट्याच्या पायरीवर चढवतो.

शकील : कार्यालयाबाहेर?

तोताराम : तिथेही डावी बाजू फरशीच्या कडेवर.

शकील : आणि पाटाच्या कडेला डावी चाकं भरावावर. हो ना?

तोताराम : होय... होय! गाडी उजवीकडे कललेली होती.

शकील : प्रेमराजभाऊ, तुमच्या अंगणात काँक्रीट आहे?

प्रेमराज : आहे. त्याचं काय?

शकील : सपाट. माझं दुकानही सपाट. म्हणून तुमच्या हातात अडत नाही, माझ्याही नाही.

प्रेमराज : मंगळवारी मी मळ्यात चालू केली. तिथं कुठं काँक्रीट होतं?

तोताराम : भाऊ, आपण आलात तेव्हा गाडी भरावावर नव्हती. चौघा मजुरांनी आणि मी ती ढकलत रस्त्यावर आणली होती. त्यातच ती वीस मिनिटे खर्ची पडली. मी हे त्याच दिवशी सांगू लागलो होतो. 'प्रथमतः परिस्थिती अशी होती की', एवढे बोललो, आणि आपण माझी गचांडी धरली.

प्रेमराज : ...तसं बोलतं का कोणी, माय मरू राहिली तेव्हा?

शकील : चला, विटा आणू. डावी दोन्ही चाकं वर घेऊ.

(डावी चाके विटांच्या थरावर चढतात. जीप उजवीकडे कलते. किल्ली फिरते. 'टक्.' पुन्हा फिरते. 'टक्.' नंतर काही नाही.)

तोताराम : हाच! हाच तो ध्वनी!

शकील : ओरडू नका, पळून जाईल. किल्ली तशीच राहू द्या, काढू नका. प्रेमराजभाऊ, ती जाड वायर द्या. लाल नाही, काळी. हे टोक बॅटरीच्या मायनसला... आणि हे इंजिनच्या अंगाला... आता फिरवा!

तोताराम : सुरू झाली!

शकील : बंद करा. वायर काढतो. पुन्हा फिरवा.

तोताराम : टक्.

शकील : लावतो. फिरवा.

तोताराम : सुरू झाली.

शकील : बस. कळलं. गाडीला अर्थ लागत नाही.

तोताराम : शकीलभाई, मला तरी या सगळ्याचा अर्थ कुठे लागतो आहे?

शकील : तुमचा अर्थ नाही हो, माझा. विजेचा, अर्थिंगचा. करंट बॅटरीतून निघतो, सेल्फपर्यंत जातो, पण त्याला घरी परत यावं लागतं. परतीची वाट म्हणजे अर्थ. इंजिनपासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, ही विणलेली तांब्याची पट्टी आहे ना, तीच वाट. गाडी सरळ असली की पट्टी कशीबशी टेकते. गाडी कलली की इंजिन हलतं, पट्टी ताणली जाते आणि वाट बंद.

प्रेमराज : पट्टी तर धडधाकट दिसू राहिली. बोल्टही घट्ट आहे.

शकील : तेच तर बघतोय. घट्ट आहे म्हणून कुणी हात लावला नाही. थांबा, खोलतो... तेरा नंबरचा पाना... हं. हे बघा. बोटानं घासा.

प्रेमराज : काळं आहे.

शकील : ऑइल पेंट. वरून उडालेला नाही. पट्टीच्या खाली आहे, पार भोकापर्यंत. कुणीतरी पट्टी सोडली, लोखंडावर ब्रशनं दोन हात दिले आणि वाळल्यावर पट्टी परत कसली. दिसायला एकदम नवी नवरी. पण रंगातून करंट जात नाही, भाऊ. बोल्टच्या आट्यांतून मिळेल तेवढ्यावर गाडी दिवस काढत होती.

तोताराम : पट्टी परत कसून टाका, शकीलभाई. वेळ होतो आहे.

शकील : कुणाचं काम हे? त्याला माझ्याकडे पाठवा, दोन शब्द शिकवतो. तोतारामभाऊ, तुम्ही रंगवलं?

तोताराम : नाही.

शकील : मग कुणी?

तोताराम : आठवत नाही.

शकील : दसऱ्यापासूनच्या नऊ खेपा चाकासकट आठवतात आणि हे आठवत नाही?

तोताराम : नाही.

शकील : दसऱ्याला गाडी धुतली, पूजली असेल ना कुणी?

तोताराम : मी सोनगीरला होतो. बहिणीकडे.

प्रेमराज : मी दिला.

शकील : काय?

प्रेमराज : रंग. मी दिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. माय म्हणली होती, आबांची गाडी आहे, पूजेले एकही गंजाचा डाग राहू नये. कारागीर लावला नही, म्हणलं आपल्या हातानं करू. बॅटरी काढली, पट्ट्या सोडल्या, कोपरान् कोपरा रंगवला. माय खाटेवर बसून दाखवत होती, इथं राहिलं, तिथं राहिलं... हा बोल्ट तिनंच दाखवला.

शकील : असू द्या, भाऊ. तुम्हाला काय ठाऊक.

प्रेमराज : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हा सोनगीरहून आला तर गाडीभोवती फिरून म्हणला, 'आपल्या हस्तकौशल्याला तोड नाही.' रंग मी दिला हे याले ठाऊक होतं, शकीलभाई. आता समोर उभा राहून खोटं बोलला.

तोताराम : होय, भाऊ.

प्रेमराज : अन् तेही दोन शब्दांत.

तोताराम : खोटे मला सजवता येत नाही.

शकील : मी रंग खरडतो. पॉलिश पेपर मारू, लोखंड पांढरं होईपर्यंत. पट्टी कसली की वरून ग्रीस. पाच मिनिटं... हं, झालं. विटांवरूनच फिरवा.

तोताराम : चालू.

शकील : पुन्हा.

तोताराम : चालू.

शकील : आता हॉर्न नका वाजवू आनंदानं, शेजारी दुपारचे झोपलेत. उतरवा खाली.

प्रेमराज : चारले दहा कमी आहेत. हितेंद्रले फोन करतो, येऊ नको म्हणून. तोतारामभाऊ...

तोताराम : आज्ञा.

प्रेमराज : आज्ञा नही. किल्ली राहू दे तुमच्याजवळ. मायले मागच्या सीटवर घ्यायचं आहे, उजवा हात सांभाळून. मी बाजूले बसतो. अन्... ती विचारेलच पुन्हा.

तोताराम : विचारतील.

प्रेमराज : तुम्ही नीट सांगा तिले, चालू झाली म्हणून. तुमच्या त्या भाषेत. मले जमत नही.

तोताराम : नाही, भाऊ. हा प्रश्न त्या मलाच विचारत होत्या, त्या दिवशी, वीस मिनिटे. आज गाडी दाराशी आल्यावर त्यांनी विचारले, तर उत्तर तुम्ही द्या.