चिलखती केबलवरचे दोन ठोके

नाही, प्यालेलो नाही. वास येतोय तो रॉकेलचा, केबलवाले हात त्यानंच धुतात. हं, लिहा. नाव? सगळे मिस्तरी म्हणतात, तेच घाला. वय अडुसष्ट. धंदा केबलला जोड मारणं. राहायला गोदामामागच्या खोलीत, लेकीकडे. तुमच्यासमोर बसून सांगतो ते असं.

मयत माझा जावई. माझ्याच हाताखाली शिकला. कारखान्याच्या पॅनेल रूममधून पंपाकडे दोन केबल जातात, एकाच चरातून, शेजारी शेजारी. दोन्ही मनगटाएवढ्या, वर पोलादी तारांचं चिलखत, कुदळ लागली तरी आत जाऊ नये म्हणून. एक बिघडली. ती मी बंद केली आणि पॅनेलपाशी तिच्यावर हात ठेवून बसलो. जावई भिंतीपलीकडे खड्ड्यात.

आमची पद्धत अशी. खड्ड्यातल्यानं चिलखतावर हातोडीनं तीन ठोके मारायचे. माझ्या हाताला लागले तर केबल तीच. मग मी दोन द्यायचे. दोन आल्याशिवाय केबल कापायला करवत लावायची नाही. तपासायचं यंत्र असतं, पण ते कोठीत कुलपात.

माझ्या हाताला ठोके जाणवले नाहीत, म्हणून मी दोन दिले नाहीत. त्यानं शेजारच्या चालू केबलवर ठोकलं होतं. ते नंतर कळलं.

खड्डा खणणारा जावयाजवळच उभा होता, तो म्हणतो, दोन ठोके आले, स्वतःच्या कानांनी ऐकले. जावई हसला म्हणे. "सासरेबुवा आज जागे आहेत, नवलच!" आणि करवत लावली. पुढचं तुमच्या पंचनाम्यात आहे.

पॅनेल रूममध्ये मी एकटाच होतो. कडी आतून.

कारखान्याचे साहेब म्हणतात, ठोके आलेच नाहीत, कामगाराची घाई नडली. लेक म्हणते, "बाबा, तुम्हीच दिलेत असं सांगा. निदान त्याला तरी कुणी नावं ठेवणार नाही."

"मी दिले नाहीत गं."

"मग कुणी दिले?"

मी ताटावरून उठलो.

काल वॉचमननं मला नि लेकीला पॅनेल रूममध्ये धरलं. चोरी नव्हती. ती चालू केबल आता उपसून नेलीय, भिंतीत फक्त हातभर तुकडा उरलाय, पलीकडचं तोंड मातीत. त्यावर हात ठेवला की तीन ठोके लागतात. थांबून परत तीन. दमानं, तो मारायचा तसे. मला वाटलं, म्हाताऱ्या हाताचा खेळ असेल. म्हणून लेकीला आणलं. तिनं हात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"द्या ना बाबा. तो तुमच्यासाठी थांबलाय."

मी दिले नाहीत. दोन दिले की तो करवत लावणार.

वाचून दाखवलंत ते ऐकलं. बोललो तसंच आहे. अंगठा नको, सही येते मला. ठोके माझ्या नावावर चढवू नका, लेकीनं सांगितलं तरी नाही. मग कुणी दिले, ते मला विचारायचं नाही. उठतो मी. आणखी एक शब्द बोलणार नाही.