खूण नको म्हणून

अपेंडिक्स. बरं. तुम्हाला अपेंडिक्स सांगितलं तर. बसा पाहुणे — तिकडे नको, ओलं आहे, आत्ताच पुसून गेली बाई — इकडे बसा. फळांची पिशवी खाली ठेवा. सूनबाईनं सांगितलं असेल फोनवर, तीच बोलते तुमच्याशी. लग्न ठरलेल्या मुलानं मुलीला दवाखान्यात बघायला यावं, यात वावगं काही नाही. चांगलंच केलंत. पण हे दार अपेंडिक्सचं नाही. मला वाचता येत नाही फारसं, पण पाटीवर तो लाल बदाम काढलाय ना, तो कळतो.

आता बोललोच आहे तर ऐका. मला बजावलं होतं, बाबा, तुम्ही तोंड उघडायचं नाही. तसं घरात इतकी वर्षं नाहीच उघडलं. जन्मभर लोकांची डोकी भादरली मी, आणि न्हावी बडबडा असतो म्हणतात, पण मी कधी फार बोललो नाही.

नातीच्या हृदयात भोक आहे. जन्मापासूनच. वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो, त्याला. लहानपणी जिना चढली की बसायची पायरीवर, आणि आम्ही म्हणायचो आळशी आहे — आळशी म्हणायचो हो तिला. कळलं ते आत्ता, लग्न ठरल्यावर. तर त्याला एक उपाय असा आहे की मांडीच्या शिरेतून नळी घालतात, नळीतून तारेच्या टोकाला अडकवलेली, मिटलेली जाळीची चकती वर नेतात आणि भोकात उघडतात — एक पान अलीकडे, एक पलीकडे, मधे पडदा चिमटीत. डॉक्टरीणबाईंनी नमुना हातात दिला होता माझ्या. कोटाच्या बटणासारखी दिसते, पण मऊ. त्या वस्तूला मी नावं ठेवत नाही, कितीतरी लेकरं तिच्यामुळं चिराही न पडता बरी होतात. पण चकतीला धरायला भोकाभोवती काठ लागतो. हिच्या भोकाला खालच्या अंगानं काठच नाही. बाईंनी स्वच्छ सांगितलं, हिची छाती उघडून ठिगळ लावलेलं बरं, आम्ही नेहमी करतो, मुलगी ठणठणीत होईल. आणि आमचे चिरंजीव काय म्हणाले? जिवाला धोका किती, असं विचारलं? नाही. म्हणाले, खूण केवढी राहील.

शिसारी आली मला. पोटच्या पोराची शिसारी येते, हे या वयात कळलं. सूनबाई बोटानं स्वतःच्या गळ्यावर माप घेत होती — ब्लाउज इथवर, मग खूण इथून दिसेल. दिसेल. अहो, मी इतकी डोकी पाहिली, केस बाजूला केले की खूण नाही असं एक डोकं सापडलं नाही मला. कुणी झाडावरून पडलेलं, कुणाला सख्ख्या भावानं दगड मारलेला. माणूस म्हटलं की खूण असायचीच. पण यांना मुलगी कशी हवी, तर दुकानातल्या कपबशीसारखी. शेवटी बाई म्हणाल्या, एवढा हट्टच असेल तर बघते प्रयत्न करून, नाही बसली तर काढून घेईन.

तर नाही बसली. तार सोडायच्या आधी ओढून हलवून बघतात म्हणे, तर ती एका बाजूनं निसटली. मघाशी बाई बाहेर आल्या होत्या, तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाल्या, थांबू या, तिला शुद्धीवर येऊ द्या, पुढच्या आठवड्यात नीट शस्त्रक्रिया करू. तर आमचा म्हणतो, याहून मोठी चकती नसते का? बाई म्हणाल्या, असते, पण मला ती लावायची नाही, हृदयाला आतून घासत राहील. तर हा म्हणतो, जरा विचारून येतो. आणि गेले दोघं जिन्यात, फोन लावायला. कुणाला? माझ्या बहिणीला, जिनं हे स्थळ आणलं तिला. पोर आत भूल देऊन निजवलेली, हृदयात तार, आणि हे जिन्यात उभे राहून आत्याबाईंना विचारतायत. थुंकावंसं वाटतं. पण नुकतंच पुसलंय.

काल मी तिची वेणी घातली. आईला सवड नव्हती, म्हणून मी. तर म्हणाली, आजोबा, हृदय माझं, आणि विचारतात बाकी सगळ्यांना. हसत म्हणाली हो. म्हणाली, शिवून टाका म्हणावं, मला काही नाही त्याचं.

तुमचा चेहरा वाईट नाही. म्हणून विचारतो, लांब खूण राहील, इथून इथवर, तुम्हाला ती चा—

नाही. उत्तर देऊ नका. बघा, मीसुद्धा तेच केलं. आत्ता, तुमच्यासमोर. जिन्यातल्या त्या दोघांत आणि माझ्यात मग फरक काय राहिला? तुमचं हो असो की नाही असो, ते मला ऐकायचंच नाही.

उठा जरा, मला हात द्या, गुडघा धरलाय. दार उघडतंय. आता बाईंना सांगतो, पोरीनं माझ्याजवळ सांगितलंय, थांबा आणि शिवा. जिन्यातले वर यायच्या आत सांगतो.

तुम्ही जा आता. पिशवी घेऊन जा. शुद्धीवर आली की काय ते तिलाच विचारा, आणि तिनं बोलावलं तरच या.