काकूंच्या फोनवर इंटरनेट

वायफाय पाच मिनिटं गेलं की तुम्ही वैतागता, म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीचा होकार पत्र मिळालं त्याच दिवशी ईमेलनं कळवायचा होता. कॉम्प्युटर होता, तोही जुनाट, पण तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीवरून यायचं आणि घरात फोन नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हितं आणून जोड की."

मी सगळं त्यांच्याकडे नेलं आणि फोनची वायर मोडेमला लावली. डायल केलं की लागायचं आणि मधेच तुटायचं.

"काकू, हे चालू असताना तुम्हाला फोन येणार नाही."

"न्हाई आला तर न्हाई. तुजं होऊ दे निवांत."

दुपारी कुठे ईमेल गेला, आणि दारात मोटरसायकल थांबली. मैंदर्गीहून काकूंचे जावई आले होते.

"सकाळपासनं फोन लावलो, लागतच न्हाय. शेवटी निघूनच आलो. पोरगा झालाय. दोघं बी बरी हायती."

लेक दवाखान्यात आहे, हे काकूंनी मला सांगितलंच नव्हतं. मी वायर मोडेममधून काढून परत फोनला लावली. काकूंनी डोळे पुसले आणि जावयांना म्हणाल्या, "फोन बिघडला होता वो. ह्या पोरानं आत्ताच नीट करून दिला."

जावई माझा हात धरून माझेच आभार मानायला लागले.