एक बिल्ला

(दवाखान्यातली खाट. धाकटीच्या हाताला सलाईन. कारखान्याचा सुपरवायझर पाण्याची बाटली घेऊन उभा.)

थोरली : पाणी? आणि तुम्ही आणलंत? अगं बाई, सूर्य पश्चिमेला उगवला आज!

सुपरवायझर : डॉक्टरच म्हणाले ना ताई, भरपूर पाणी पाजा.

थोरली : डॉक्टर असंही म्हणाले, की लघवी दाबून दाबून किडनीला सूज आलीय. ते बरं नाही तुमच्या कानात शिरलं!

सुपरवायझर : मी कुणाला जाऊ नको म्हणालोय का? बिल्ला घ्यायचा, जायचं.

थोरली : वा! शिवणाऱ्या बायकांच्या अख्ख्या रांगेला बिल्ला एक. तोही तुमच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. मागायला गेलं की, "आत्ताच तर गेली होतीस, नळ फुटलाय का?" सगळ्यांदेखत! कोण मागेल?

सुपरवायझर : गंमत करतो हो मी.

थोरली : तुमच्या गमतीपायी ही पोर सकाळचा चहासुद्धा घेत नव्हती. तापलेल्या पत्र्याखाली घशाला कोरड पडली, की चूळ भरायची नि थुंकून टाकायची. शेवटी मशीनवरच कोसळली.

सुपरवायझर : मालक मला धरतात, ताई. मी हुकमाचा ताबेदार.

थोरली : केबिनशेजारच्या तुमच्या संडासाला लागतो का बिल्ला?

सुपरवायझर : कुठला विषय कुठं नेताय!

थोरली : प्या.

सुपरवायझर : काय?

थोरली : हीच बाटली. सगळी प्या, आणि संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही. मग मीही म्हणेन, गंमत आहे.

सुपरवायझर : जीभ फार चालते तुमची. गावाहून इतक्या लांब कामाला मी आणलंय तुम्हा दोघींना, विसरू नका.

थोरली : विसरेन कशी? आईला म्हणाला होतात, "लेकीसारखं सांभाळीन." तुमची लेक घरी बिल्ला मागते वाटतं?

सुपरवायझर : बरं, ते राहू द्या. सोमवारी येईल ना ही? मशीन रिकामी पडलीय.

थोरली : नाही येणार. मीही नाही. पुन्हा असं झालं तर किडनी जाईल म्हणालेत. तुमच्या शर्टांच्या बाह्यांपायी माझी बहीण नाही घालवायची मला.

सुपरवायझर : तिला तर विचारा. काय गं, येशील ना?

थोरली : सांग त्यांना. घाबरतेस कशाला? मी आहे.

धाकटी : सर...

थोरली : बोल, स्पष्ट बोल.

धाकटी : सर, लघवीला जाऊन येऊ का?