कोरडं ठेवायचं

मुलगा : पावडरीचा वास मला कळतो, आई. हा त्याखालचा आहे. हात वर कर.

आई : डाव्या अंगावरून वारं गेलंय माझ्या, विसरलास? जा तू दुकानात. गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

मुलगा : खोळंबू देत. डॉक्टरीणबाई काल काय म्हणाल्या, ऐकलंस ना? छातीखाली कातडी सोललीय. घाम घडीतच मुरतोय. आणखी चिघळलं तर रक्तात भिनेल, मग दवाखान्यात हलवावं लागेल.

आई : तिथं बाया तरी असतात.

मुलगा : इथंही मावशी होत्या की आंघोळ घालायला. त्यांना का घालवलंस?

आई : नाक मुरडायची मेली! म्हणून मीच उजव्या हातानं पावडर कोंबत होते. म्हटलं, सुकेल.

मुलगा : ओल्यावर पावडर म्हणजे चिखल गं! कोमट पाण्यानं धुवायचं. मग टिपायचं, घासायचं नाही. जरा वारा लागू द्यायचा, मग पातळसं मलम, आणि घडीत मऊ सुती कापड.

आई : कळलं. ठेव इथं सगळं, मी करते.

मुलगा : एका हातानं उचलशील की पुसशील?

आई : आईशी असं बोलतात होय रे?

मुलगा : बायकांचे ब्लाउज शिवण्यात जन्म गेला माझा. माझी कसली लाज?

आई : ती गिऱ्हाइकं. मी तुला जन्म दिलाय. एवढी लाज राहू दे बाळा, दुसरं काय उरलंय माझ्याकडे?

मुलगा : आणि तुझे ब्लाउज कुणी शिवले? तुला गुळगुळीत आवडतं म्हणून उरलेलं साटिन लावलं आतून. वारा जाईल कुठून? चिकटायला लागलं तेव्हा बोलली का नाहीस?

आई : दिवसभर लोकांचं शिवून वर माझं शिवायचास. कुठल्या तोंडानं सांगू, काढ म्हणून? बघायला येईल त्याला दाखवायचे, लेकानं शिवलंय.

मुलगा : म्हणजे मीच सोललं तुला.

आई : वेडा कुठला. रडू नकोस. तू रडलास तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

मुलगा : असंच राहिलं तर हातची जाशील गं तू माझ्या.

आई : ... दार लाव. पडदा ओढ. आणि डोळे मीट.

(तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज.)

मुलगा : इथं?

आई : खाली. अजून थोडं. हां.

मुलगा : डोळे मिटून जखम कशी टिपू, आई?

आई : उघड मग. पण माझ्या तोंडाकडे बघू नकोस.

मुलगा : नाही बघत. ... काय झालं? हात जड पडला का?

आई : नाही रे. या अंगाला आजवर कुणी इतक्या हळू हात लावला नव्हता.